आठवडा ढकल

सकाळी सहाला शिफ्ट सुटते.
रात्रभर दुसऱ्यांचं फाटक उघडून-लावून
माझे खांदेही बिजागरीसारखे कुरकुरतात.
किलिमानीपासून कावांग्वारेपर्यंत तासभर चालायचं,
मटाटूचे पन्नास शिलिंग वाचले
की त्यात दोन अंडी, दोन टोमॅटो.
हा हिशोब पायांना पाठ आहे,
मला विचारत नाहीत.

गल्लीच्या तोंडाशी आवूर बसते.
मांडीवर परात, हातात झिजून काडी झालेली सुरी,
पुढ्यात सुकुमा विकीच्या जुड्या.
कोबीच्याच घरातली ही, पण गड्डा न धरणारी.
नावाचा अर्थच मुळी, आठवडा ढकल.
कुणी ठेवलं असेल?
ज्यानं ठेवलं त्यानं
महिन्याच्या तेवीस तारखेलाच ठेवलं असणार.

ती पानावर पान रचते, विडीसारखी गुंडाळी वळते
आणि चिरते. हिरवा दोरा पडत राहतो.
माझ्याकडे बघत, पावसाला शिव्या देत,
सुरीकडे एकदाही न बघता.

पहिल्या वर्षी मी म्हणायचो, राहू दे, घरी चिरेन.
"तू चिरशील शेळीला घातल्यासारखी,
मग ती अर्धा तास शिजेल
आणि तुझा गॅस तुला शिव्या देईल.
बारीक हवी, सिमियू, बारीक.
ज्याचा खिसा लहान
त्याचा चिराही लहान."

एकच शेगडी, सिलिंडरच्या डोक्यावर बसवलेली.
आधी उगाली. पाण्याला आधण आलं की मक्याचं पीठ,
पळी उभी राहीपर्यंत घोटायचं,
मग ताटात उपडी, वर दुसरं ताट, ऊब धरून.
त्याच आचेवर
यंत्रातून घेतलेलं वीस शिलिंगांचं तेल,
अर्धा कांदा (उरलेला उद्याचा, बशीखाली पालथा),
टोमॅटो, मीठ, हिरवे दोरे.
झाकण नाही.
तीन मिनिटं. चौथ्याला रंग उतरतो,
आणि दवाखान्यातली बाई म्हणाली होती,
रंग एकटा जात नाही.

शुक्रवारी मापभर ओमेना,
पेराएवढे चंदेरी मासे, डोक्यासकट, डोळ्यांसकट.
घेवडा मात्र कोपऱ्यावरचा, उकडलेला, विकतचा.
तो घरी शिजवायचा म्हणजे
घेवड्यापेक्षा ज्वाळा महाग.

बुंगोमाहून नान्जाला विचारते, बाबा, काय खाल्लंस?
तेच, मी म्हणतो. ती हसते.
उपासाच्या हंगामात जन्मली, म्हणून हे नाव.
"तेच" रोज असणं ही काय चीज आहे
हे तिला कळू नये, एवढ्यासाठी तर हे फाटक.

मागच्या बुधवारी आवूर नव्हती.
तिच्या जागी अपियो, बारा वर्षांची, शाळेच्या गणवेशात.
आई किसुमूला गेलीय, मामाच्या मयताला.
पोरगी चिरत होती जाड, ओबडधोबड,
बायका जुडी उचलायच्या, परात बघायच्या, पुढे जायच्या.
ऊन चढत होतं, पानं माना टाकत होती.

मला झोप होती. डोळ्यांत वाळू होती.
तरी क्रेट उपडा केला, बसलो.
अशी वळ, घट्ट. अंगठा आत. आता सरकव.
मला सुरीकडे बघावं लागत होतं, दोघांनाही लागत होतं.
एकदा तिचं बोट गेलं, एकदा माझं.
नवाच्या सुमारास दोरा पडायला लागला,
आवूरसारखा नाही,
सुतळी म्हणा.
पण बायका थांबल्या.

निघताना अपियोनं उधारीची वही काढली.
माझ्या नावापुढे ऐंशी.
तिनं पेन उचललं, थोडा वेळ धरलं, ठेवलं.
"आई आली की ती खोडेल."
वर एक जुडी दिली, न चिरलेली.

घरी आलो तेव्हा हात चालत नव्हते.
पानं कशीबशी कापली, टाकली कढईत.
तीन मिनिटं झाली, दहा झाली, वीस.
देठ चावेनात.
खाली सिलिंडर फुरफुरत होता,
आणि मी त्याला म्हणालो,
दे. मनसोक्त दे शिव्या आज.